साठ मॅचचा सीझन आणि बेघर ब्लू जेज

२०२० च्या, कोरोनाने आखडलेल्या मेजर लीग बेसबॉलचा विषय निघाला की आमच्या टोरांटोच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी म्हणतंच, "१६२ च्या जागी ६० मॅच! तो सीझन धरूच नका." ब्लू जेजच्या, म्हणजे आमच्या टोरांटोच्या टीमच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही.

त्या वर्षी या टीमला घरच नव्हतं हो! १८ जुलैला, पहिली मॅच आठवड्यावर आलेली असताना, कॅनडा सरकारने टोरांटोत खेळायला नकार दिला. सीमा मार्चपासून बंद, बाहेरून येणाऱ्याला १४ दिवस क्वारंटाइन, आणि हे खेळाडू मात्र मॅचसाठी सारखे अमेरिकेत ये-जा करणार! तेव्हा अनेकांनी सरकारच्या नावाने बोटं मोडली. माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर होता. जेमतेम दहा दिवसांत मायामी मार्लिन्सच्या टीममध्ये कोरोना पसरला, यातच सगळं आलं.

मग पिट्सबर्गचं ठरत आलं, तर पेनसिल्व्हेनिया राज्य नाही म्हणालं. शेवटी सीमेपलीकडचं बफेलो. तिथलं सालेन फील्ड हे खरं तर ट्रिपल-ए टीमचं (मेजर लीगच्या एक पायरी खालच्या टीमचं) मैदान, मायनर लीग म्हणजे खालच्या लीगच रद्द झाल्यामुळे मोकळं पडलेलं. तिथे दिवे वगैरे वाढवून होईपर्यंत यांनी 'होम' मॅच खेळल्या वॉशिंग्टनमध्ये, तेही प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानावर! त्या वर्षी आपली आयपीएलही यूएईत झाली, पण तिथे सगळ्याच टीम पाहुण्या. इथे ३० टीमपैकी शहर सुटलं ते एकट्या टोरांटोचं.

११ ऑगस्टला बफेलोत पहिली मॅच, आणि समोर कोण? तेच मार्लिन्स. नेहमीच्या नऊ इनिंग संपून दहाव्या इनिंगमध्ये ५-४ ने जिंकलो. ७ सप्टेंबरला न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध एकाच इनिंगमध्ये १० रन ठोकले, त्यात आमच्या डॅनी जॅन्सनचा ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन), आणि टाळ्या वाजवायला स्टँडमध्ये कुणी नाही.

त्या वर्षी १६ टीमना प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी दिल्यामुळे ३२ विजय-२८ पराभवांवर आत शिरणं स्वस्तात पडलं, हे मान्य. तिथे टॅम्पा बे रेज टीमने दोन मॅचमध्ये घरी पाठवलं. (घरी म्हणजे कुठे, ते विचारू नका.) पण पुढच्या वर्षी पूर्ण १६२ मॅच झाल्या, ९१ जिंकल्या, आणि एका विजयासाठी प्लेऑफ हुकली. त्या वर्षीही जुलै संपेपर्यंत टीम आधी फ्लोरिडातल्या डनीडिनमध्ये, मग बफेलोत बिऱ्हाड करून होती. मग तोही सीझन खोडायचा का?