‘वजनाची टूम’ म्हणणाऱ्या वाचकांस

महोदय,

शाळेने मुलांची उंची-वजनं दरवर्षी नीट नोंदवावीत, म्हणजे पुढचा लठ्ठपणा वेळीच दिसेल, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता, “ज्या देशात पोरं उपाशी झोपतात, तिथे वजन मोजायची टूम रिकामटेकड्या शहरी बाईलाच सुचणार. आणि जाड मुलांना वर्गात चिडवतील, त्याचं काय?” शिवाय सालाची एक चूक दाखवलीत. ती मान्य. मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघरहून सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये, २०१४ मध्ये नव्हे. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘रिकामटेकडी’. मुद्दा मांडायला हा शब्द लागतो का? मी ३१ वर्षं तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत शिकवलं. दर जूनला आणि जानेवारीला चपला काढायला लावून, दप्तर खाली ठेवून एकेका पोराला काट्यावर उभं केलं. खिचडीची नोंदवहीही माझ्याकडेच होती. उपाशी मूल कसं दिसतं हे मला आपल्याकडून शिकायचं नाही. सहा महिन्यांत अर्धा किलोही न वाढलेली मुलं मला त्याच वहीत सापडली, आणि त्यांच्या घरी मीच गेले.

शिवाय उपासमार आणि लठ्ठपणा ही दोन वेगळ्या घरांची दुखणी आहेत, हे आपल्याला कुणी सांगितलं? पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि डॉ. युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणजे वजन बेताचं दिसलं तरी आत चरबी असू शकते. त्याच वर्षी दिल्लीतल्या १,४९२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुणपणी ज्यांची साखर बिघडली होती, ते दोन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक किडकिडीत होते. पुढे त्यांचा बीएमआय चढत गेला, तरी बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ नव्हतं. नुसतं बघून कळलं नसतं. दरवर्षीचे आकडे एकाखाली एक मांडले असते, तर कळलं असतं.

माझा धाकटा भाऊ ७२ च्या दुष्काळातला, जन्मतः अगदी मूठभर. तिसरीत २१ किलो, सहावीत ३९. या वयात वर्षाला दोन-तीन किलो वाढतात. घरात सगळे म्हणायचे, पोर बाळसं धरतंय. चौथी-पाचवीच्या प्रगतिपुस्तकांत तिसरीचाच आकडा उतरवलेला आहे, काट्यावर कुणी उभंच केलं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी मधुमेह, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. ती प्रगतिपुस्तकं माझ्या कपाटात आहेत. ही माझी टूम.

चिडवण्याचं म्हणाल, तर काटा नसला तरी मुलं चिडवतातच. आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये, एवढी अक्कल शिक्षकांना असते. त्यावर आणखी लिहावंसं वाटत नाही.

आपल्या घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर त्याची गेल्या तीन वर्षांची उंची-वजनं शाळेतून मागवून घ्या आणि मग खुशाल लिहा. फक्त तेव्हा टोपणनाव नको, स्वतःचं नाव घाला. मी माझ्या नावाने लिहिते.