अक्षर नसलेल्या दगडांबद्दल : माधवरावांना उत्तर

माधवराव, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली असली तरी मुद्देसूद आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. इतरांसाठी थोडक्यात: अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांतले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, हा माझ्या लेखाचा विषय होता. माधवरावांचं म्हणणं असं, की खोलेश्वराच्या देवळातला शिलालेख मी एका वाक्यात गुंडाळला आणि ज्यांच्यावर एक अक्षर कोरलेलं नाही अशा दगडांचं कौतुक करत बसलो. नाव नाही, शक नाही, त्याला इतिहास कसा म्हणायचा? शिवाय दगडांना रंग देणाऱ्या गावकऱ्यांना मी अडाणी ठरवलं. आणि एवढाच पुळका असेल तर दगड संग्रहालयात का नेत नाहीत?

आधी शिलालेखाचं बघू. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. अंबाजोगाईत बाराखांबी नावाच्या देवळात शके ११५०चा, म्हणजे इ.स. १२२८चा लेख आहे, आणि खोलेश्वराच्या देवळातला शके ११६२चा, इ.स. १२४०चा. या दुसऱ्या लेखात एक घरगुती दुःख आहे. खोलेश्वराचा मुलगा राम यादवांची फौज घेऊन गुजरातवर गेला आणि नर्मदेकाठच्या लढाईत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं. आठशे वर्षांपूर्वीची एक बाई, तिचं नाव, तिच्या भावाचं नाव, तो कुठं पडला ते ठिकाण, सगळं दगडावर. मराठवाड्यात याच्या तोडीचं स्मारक शोधून काढावं लागेल, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण नर्मदेवर राम एकटा तर पडला नसेल! सेनापतीचा मुलगा होता, त्याच्यासाठी संस्कृत श्लोक रचणारा पंडित मिळाला, ते कोरणारा मिळाला, देऊळ उभं करण्याइतकी ऐपत असलेली बहीण होती. त्याच्या मागं चालणाऱ्या पायदळातल्या माणसाच्या वाट्याला काय आलं असेल? फार तर गावच्या शिवेवर एक उभा दगड. कर्नाटकात वीरगळांवर लेख सर्रास सापडतात, आपल्याकडे क्वचित. म्हणून ते सोडून द्यायचे म्हटलं, तर यादवकाळाचा इतिहास राजे, सेनापती आणि त्यांच्या नातेवाइकांपुरताच उरतो.

तुम्ही ज्या वीरगळावर बोट ठेवलंत तोच घ्या. मारुतीच्या पाराला टेकवलेला, कंबरेइतका, काळ्या पाषाणाचा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली एक माणूस आडवा पडलाय आणि त्याच्या मागं गाई एका रांगेत उभ्या आहेत. शेवटची गाय मान वळवून वासराकडे बघतेय. ते वासरू अंगठ्याएवढं आहे, पण कोरणाऱ्यानं त्याचे कान सोडलेले नाहीत. वरच्या चौकटीत तोच माणूस ढाल-तलवार घेऊन दोघांशी भिडलाय. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, आणि माथ्याशी तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, वर चंद्र-सूर्य. म्हणजे गावची गुरं कुणीतरी वळवून नेत होतं आणि ती सोडवताना हा मेला. नाव कळत नाही, कारण कळतं. याचा नर्मदेच्या लढाईशी संबंध आहे असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. हा बहुधा आपल्या शिवारातच पडला. आजही पोळ्याला गावचे बैल त्याच पाराला फेरी घालतात. आता हा योगायोग म्हणा, पण मला तो बघायला आवडतो.

रंगाबद्दल मात्र तुम्ही माझ्या तोंडी नसलेलं घातलंत. शेंदराविरुद्ध मी एक शब्द लिहिलेला नाही. शेंदूर-तेलाचा थर चढत जातो, कवच होतं, आत मूर्ती असते. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर उतरवला तेव्हा आतलं मूळ रूप साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. माझं भांडण आहे ते ऑइल पेंटशी. दगडातली ओल त्याखाली कोंडते, पुढं पापुद्रे सुटतात आणि सोबत दगडाचा वरचा थर घेऊन जातात. मग कुणीतरी सँडब्लास्टिंगवाल्याला बोलावतं. रेतीच्या त्या माऱ्यात रंग जातो आणि वासराचे कानही जातात. तुमच्या-आमच्या गावात हे करणारे अडाणी नसतात, चांगले शिकलेले, वर्गणी देणारे, देवळावर जीव असणारे लोक असतात. म्हणूनच त्यांच्याशी बोलता येतं. मी लातूरचा आहे माधवराव, पुण्याहून बघायला आलेलो नाही.

संग्रहालयाचं थोडक्यात. तेरला सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, उत्तम आहे, सगळ्यांनी बघावं. शेतात नांगरताना सुटा दगड वर आला, ठेवायला जागा नाही, तर तहसीलला कळवावं, तसा कायदाच आहे. पण पारावरचा वीरगळ पारावरच राहू द्यावा. तिथं त्याला रोज कुणीतरी पाणी घालतं, कुणी चार फुलं वाहतं, आणि चोरीला गेला तर दुसऱ्या दिवशी गावाला कळतं.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतली शेवटची ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्या गावच्या महादेवाच्या पायऱ्यांत दोन 'असलेच दगड' बसवलेत आणि दिवाळीनंतर तिथं ग्रॅनाइट येणार आहे. त्या दगडांवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसतो, असं तुम्ही म्हणता. ती सतीशिळा आहे, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. काम सुरू व्हायच्या आधी एकदा अंधार पडल्यावर जा. बॅटरी समोरून मारू नका, दगडाच्या कडेशी आडवी धरा, म्हणजे उथळ कोरीवही सावलीनं उठून दिसतं. खडू, पीठ, तेल काही लावू नका. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. हाताच्या खाली ओळी दिसल्या तर मला लगेच पाठवा, आणि दिसल्या नाहीत तरी सरपंचांना सांगून पायऱ्यांतून दोन्ही दगड अलगद काढून देवळाच्या भिंतीला उभे करून घ्या. ग्रॅनाइटचं मग बघता येईल.