म्हणे दोनच दिवस असतात!

"अहो वहिनी, वर्षातून दोनच दिवस तर असतात, पोरांनी फटाके नको वाजवायला?"

यंदा हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. दोन? या, बसा, मोजूया.

वसुबारस. संध्याकाळी गाय-वासराची पूजा. मोठ्या भक्तीने फोटो टाकतात सगळे. तासाभरात आमच्या पार्किंगमध्ये पहिला सुतळी बॉम्ब, आणि कोपऱ्यावरच्या भटक्या कुत्रीच्या शेपटीला लवंगीची माळ बांधायला निघालेली तीन कार्टी. मुक्या जनावराची पूजा नुकतीच आटोपलेली, बरं का! मग धनत्रयोदशी. नरक चतुर्दशीला पहाटे पाचला 'पहिला बार कुणाचा' ही शर्यत. लक्ष्मीपूजनाचं तर बोलूच नका. पाडवा, भाऊबीज. मग उरलेला माल संपवायचे दोन-तीन दिवस, कारण पैसे घातलेत ना. मग द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत रोज कुणाच्या ना कुणाच्या तुळशीचं लग्न. हे नुसते दिवाळीचे. वराती, जिंकलेल्या मॅच, निवडणुकीचे निकाल, नगरसेवकाचा वाढदिवस आणि ३१ डिसेंबर अजून धरलेच नाहीत. कुठल्या शाळेत गणित शिकलात हो भाऊजी?

आमचा बंड्या नऊ वर्षांचा आहे. गावठी कुत्रा, गटाराच्या कडेला सापडलेला. एरवी अख्ख्या बिल्डिंगवर दादागिरी करतो, पोस्टमनला आत येऊ देत नाही. पण पहिला आवाज झाला की हाच बंड्या बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसतो. थरथर कापतो, तोंडातून लाळ गळते, दिवसभर पाण्याला तोंड लावत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, मांजराला त्याच्याही पुढचं. रॉकेटची जी शिट्टी तुम्हाला गंमत वाटते, तिच्यातलं आपल्याला ऐकूच येत नाही असंही काही त्याच्या कानात घुसत असेल. आणि त्याला कोण सांगणार की आज दिवाळी आहे, हे युद्ध नाही?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पावणेअकराला पाहुणे निघाले. त्यांनी चपला घालताना दार उघडं ठेवलं. तेवढ्यात खाली दहा हजारी माळ लागली आणि बंड्या त्यांच्या पायांतून सुटला. आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत गल्ल्या पालथ्या घालत होतो. त्या धुरात, रॉकेट चुकवत, 'बंड्या बंड्या' ओरडत. सकाळी सहाला दोन चौक पलीकडे एका टेम्पोखाली सापडला. पंजे सोललेले. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव-नंबर होता, पण तो एवढा आत दबून बसला होता की कुणाला दिसणार तरी कसा? आम्हाला तो सापडला. त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर हरवलेल्या कुत्र्यांचे आणखी तीन फोटो आले होते.

आता नियम सांगते, कारण भाऊजींना वाटतं मी हट्टी आहे. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं. २०१८ मध्ये सांगितलं की दिवाळीला फक्त रात्री ८ ते १०, आणि माळा तर विकायच्याही नाहीत. म्हणजे पावणेअकराची ती दहा हजारी माळ दोन-दोनदा बेकायदा, आणि पहाटे पाचचा तो बारही. मी पोलिसांना फोन केला. "बघतो मॅडम." अजून बघतायत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तुम्हाला आपलेच सण बरे दिसतात. अहो, माझ्या घरी चकल्या मीच तळते, किल्ला मुलाबरोबर मीच बांधते, पहाटे उटणंही मीच लावते. ३१ डिसेंबरलाही मी अशीच भांडते, तेव्हा तुम्ही गच्चीवर असता म्हणून ऐकू येत नाही.

आणि सल्ले! त्याच्या कानात कापूस घाला. झोपेची अर्धी गोळी द्या, आमच्या मेव्हण्यांनी दिली होती. माणसांची गोळी? डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलंय की घरातलं काहीही द्यायचं नाही. गुंगीची काही औषधं अशी असतात की अंग ढिलं पडतं, भीती मात्र आत तशीच राहते. म्हणजे घाबरलाय, पण पळताही येत नाही. खरं औषध वेगळं असतं, ते वजन बघून, दिवाळीच्या आधी विचारून घ्यावं लागतं. आम्ही घेतलं. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा फुल्ल, टीव्ही मोठ्याने. स्वतःच्या घरात कोंडून घेतलं. आणखी काय करू, गाव सोडू?

त्यात फराळाला येणारे प्रेमळ पाहुणे. "एक चॉकलेट दिलं तर काय होतंय?" होतं. चॉकलेट कुत्र्याला विष आहे. चिवड्यातल्या मनुक्यांनी मूत्रपिंडं जाऊ शकतात. हे सांगितलं की चेहरा असा होतो, जणू मी त्यांनाच ताटावरून उठवलं.

बंड्या आज पाच दिवसांनी धड जेवला. आत्ता माझ्या पायाशी झोपलाय, झोपेतही मधेच दचकतो. तुळशीची लग्नं अजून व्हायचीत. खालच्या मजल्यावरच्या भाऊजींच्या जिन्याखाली खोकं आहे एक, वर जुनी चादर टाकलेली. मी उचलून बघितलं. चार माळा आहेत.