मिस्त्रीसमोर शहाणी

आमची गाडी बंद पडत नाही. मनात आलं की थांबते. हा फरक ज्याला समजत नाही त्याच्याकडे जुनी डिझेलची फोर व्हील ड्राइव्ह नसावी, एवढाच अर्थ मी काढतो.

पहिल्यांदा थांबली ती लांबच्या प्रवासाला निघालो तेव्हा, वीस-बावीस किलोमीटरवर. आधी चढावर पिकअप गेला. पाय पार खाली दाबला तरी इंजिन आपलं ‘बघू, करू’ याच सुरात. मग दोन उचक्या आणि एकदम शांतता. मी उतरलो, बोनेट उघडलं आणि आत बघत उभा राहिलो. त्याला ज्ञान लागत नाही, कमरेवर ठेवायला दोन हात लागतात. वीसेक मिनिटं तसा उभा राहून चावी फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू! घरच्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मीही “किरकोळ होतं” म्हणून मोकळा झालो. हे वाक्य पुढे दोन महिने मला ऐकवलं गेलं.

खरं म्हणजे डिझेल इंजिनाइतका साधा प्राणी नाही, असं मीच लोकांना सांगत आलोय. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आपलं इंजिन चालवून दाखवलं तेव्हापासून मूळ कल्पना तीच. स्पार्क प्लग नाही, ठिणगी नाही. हवा साधारण विसाव्या हिश्शापर्यंत दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. आमच्या गाडीचा डिझेल फवारणारा पंप तर जुन्या पद्धतीचा, निव्वळ यांत्रिक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बंद पडायला कारणं लागतात, आणि हिच्याकडे ती फार तर तीन: डिझेल पोचत नाही, डिझेलबरोबर हवा पोचते, किंवा पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेची, वायर सुटते. त्या बिचाऱ्याला बारा व्होल्ट मिळाले की तो डिझेलची वाट उघडतो, नाही मिळाले की बंद करतो. मी मनाशी म्हटलं, तीन संशयित, एक रविवार पुरे.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीकडे रिकामी टाकी घेऊन जाणं मला बरं दिसत नाही, म्हणून वाटेत थोडं डिझेल भरलं. (ही सवय लक्षात ठेवा.)

“काय होतंय, साहेब?”

“बंद पडते.”

“चालू आहे की.”

“आत्ता आहे. मध्येच पडते.”

“मध्येच म्हणजे कधी?”

याचं उत्तर मला देता येईना. मिस्त्री दोन फेऱ्या मारून आला, पाना न लावता बोनेट बंद केलं आणि म्हणाला, “एक नंबर गाडी आहे. विकायचीय का?”

असं तीनदा झालं. दुखतंय म्हणून पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि त्यानं तिथे कोलांटउड्या मारून दाखवाव्यात, तशी ही गाडी. गॅरेजच्या दारात शिरताना तिचा आवाजसुद्धा बदलायचा, मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखा.

मग मी वही घातली. गाडी कधी थांबली, किती किलोमीटरवर, ऊन होतं की पाऊस, चढ की उतार, टाकीत डिझेल किती, सगळं लिहायचं ठरवलं. पहिल्या चार नोंदी शास्त्रीय आहेत. पाचवीपासून ‘मेहुणा गाडीत होता’ असले शेरे येतात. एक गोष्ट मात्र वहीत सारखी दिसे: टाकी काठोकाठ भरून निघालो की ही वीस-पंचवीस किलोमीटरवर हमखास मान टाकायची. अर्ध्या टाकीवर आठवडाभर गावात फिरवा, तक्रार नाही. पोट भरल्यावर मरगळ येणं मला माणसांत समजतं, गाडीत समजेना. मी त्या ओळीपुढे ‘पेट्रोल पंपावरचं डिझेल खराब?’ असं लिहून पुढे गेलो.

पहिला रविवार फिल्टरला दिला. जुना फिल्टर कापून पाहिला, थोडा कचरा निघाला, फार आनंद झाला. आनंद पुढच्या प्रवासात वीस किलोमीटर टिकला.

दुसरा रविवार सोलेनॉइडचा. त्याच्या वायरला समांतर एक छोटा दिवा जोडून तो डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं बसवला. गाडी मरताना दिवा विझला तर वायर दोषी, पेटत राहिला तर वायर निर्दोष. युक्ती खरंच चांगली आहे. गाडी मेली, दिवा ठणठणीत. बायको म्हणाली, “तुमचा दिवा चांगला चालतोय.”

उरला तिसरा संशयित, हवा. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये मी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवला. सुरुवातीला नळीत सोनेरी डिझेल इतकं स्वच्छ वाहत होतं की नळी रिकामी वाटावी. बाविसाव्या किलोमीटरला गाडी घुटमळली. उतरून पाहतो तर आधी मोहरीएवढा एक बुडबुडा, मागोमाग दुसरा, मग माळच लागली. सापडली! गाडी हवा घेत होती. डिझेलच्या या चोरवाटेची गंमत अशी की टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते, दाब नसतो. त्यामुळे फट असली तरी डिझेल बाहेर टपकत नाही, हवा गुपचूप आत येते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, पुरावा नाही.

पुढचे तीन आठवडे मी फटी शोधल्या. टाकीपासूनचे सगळे होज बदलले, सांध्यांतल्या पोकळ बॅन्जो बोल्टांचे कॉपर वॉशर बदलले, क्लिपा बदलल्या. गाडीखाली पाठीवर झोपून वर बघितलं की डिझेलचा थेंब नेमका डोळ्यातच पडतो, हे स्वानुभवानं सांगतो. हँड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल ओढायचं बटण, दाबून नळीतली हवा काढायला गेलो तर तो दाबल्यावर वर यायलाच तयार नसे, कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखा. तेही वहीत लिहिलं: ‘प्रायमर कडक. वयोमानानुसार.’

आता वाटतं, गाडी दर वेळी स्पष्ट बोलत होती. मीच तिच्यावर शेरे मारत होतो.

वही शेवटी बायकोनं वाचली, तीही गाडी पुन्हा थांबल्यावर, वेळ जात नाही म्हणून. मी बोनेटखाली होतो. तिनं खिडकीतून विचारलं, “अहो, हे काय लिहिलंय? ‘टाकीचं झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला. गाडी दमली असावी.’”

“गंमत म्हणून लिहिलं.”

“पाच वेळा गंमत केलीत. जरा उघडा बघू ते.”

मी चावी लावून झाकण अर्धं फिरवलं. आणि तो सुस्कारा आला. दोन-तीन सेकंद लांबलचक, हवा टाकीच्या आत खेचली जाण्याचा. आतून पत्र्याचा ‘टुप्’ असा आवाज झाला, चेपलेलं काहीतरी जागेवर आल्यासारखा. प्रायमरचं बटण आपणहून वर आलं. चावी फिरवली, गाडी सुरू. वीस मिनिटं थांबायची गरजच नव्हती.

झाकण हातात घेऊन मी रस्त्याच्या कडेला बसलो. नवंकोरं, कुलपाचं, तीन महिन्यांपूर्वी मीच हौसेनं बसवलेलं. जुनं काढून टाकलं होतं, कारण त्याला आतून बारीक भोक पडलं होतं. ते भोक कारखान्यानं पाडलेलं होतं. डिझेल खाली जाईल तशी तेवढी हवा टाकीत यावी म्हणून. ती वाट मी कुलूप लावून बंद केली. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा मुठीएवढी, मग दोन लिटर डिझेल संपताच पंपाला ओढवेना, आणि इतक्या ओढीनं कुठल्याही सांध्यातून बुडबुडे येणारच. थांबल्यावर रबराच्या कडेनं थोडी हवा झिरपली की बाई पुन्हा चालायला तयार. आणि मिस्त्रीकडे जाताना मी दर वेळी डिझेल भरायच्या निमित्तानं झाकण उघडून तिला बरी करूनच नेत होतो.

जिथून हवा येऊ नये त्या जागा तीन आठवडे बुजवत बसलो होतो, आणि जिथून यायला हवी तिथली मीच बुजवली होती.

जुनं झाकण टूलबॉक्सच्या तळाशी सापडलं, भोकासकट. ते बसवून मिस्त्रीला सांगायला गेलो.

“हवेचाच प्रॉब्लेम होता,” मी म्हटलं.

“बघा! कुठून घेत होती?”

“घेत नव्हती. तोच प्रॉब्लेम.”

सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि माझ्याकडे बराच वेळ बघत तो म्हणाला, “म्हणजे ढक्कन!”

तो टाकीबद्दलच बोलत होता असं मी धरून चाललोय.