स्क्रूवर भांडताय, हाडाचं कोण बघणार?

गेला आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद पेटलाय. दादाच्या पाठीत स्क्रू इंडियन घालायचे की इम्पोर्टेड? त्याचा कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय, नस दाबली जातेय. कर्वे पुतळ्यापासून घरापर्यंत यायचं तर वाटेत दोनदा टेकावं लागतं. डॉक्टरांनी फ्यूजन, म्हणजे ते दोन मणके कायमचे जुळवण्याचं ऑपरेशन सांगितलं, हॉस्पिटलनं दोन कोटेशनं दिली आणि नातेवाइकांचे दोन पक्ष पडले. आतेभाऊ म्हणतो, जर्मन टायटॅनियमच घ्या, पाठीच्या बाबतीत काटकसर नको. चुलत बहीण म्हणते, हा सगळा कमिशनचा धंदा. मी इथे इंग्लंडात लीड्समध्ये बसून वाचतो, चिडतो, उत्तर लिहितो, खोडतो.

अरे, मणके स्क्रूनं जुळत नाहीत! स्क्रू, दोन बाजूंचे रॉड आणि मणक्यांच्या मधला केज, म्हणजे पोकळ ठोकळा, मिळून एवढंच करतात, की दोन मणके हलू देत नाहीत. जुळवतं ते हाड, आणि हाडाला हाड धरायला सहा महिने ते वर्ष जातं. ते धरलं नाही तर जर्मन असो की देशी, स्क्रू सैल होतो नाहीतर रॉड तुटतो. रोजचं उठणं-वाकणं धातू जन्मभर सोसत नाही. 1911 मध्ये न्यूयॉर्कला हिब्ज आणि आल्बी या सर्जननी पहिली फ्यूजन केली, तेव्हा टायटॅनियम कुठे होतं? आल्बींनी रुग्णाच्याच नडगीचं हाड काढून मणक्यांत बसवलं होतं.

आजही नस मोकळी करताना मागचं जे हाड काढतात, तेच साफ करून, बारीक तुकडे करून केजमध्ये आणि आजूबाजूला भरतात. कमी पडलं तर कमरेच्या हाडातून घेतात, आणि ती जखम कधी कधी पाठीपेक्षा जास्त दिवस ठणकते. नाहीतर बोन बँकेचं, म्हणजे दुसऱ्या कुणी दान केलेलं हाड. यावर आतेभावाचा मेसेज आला, ‘मेलेल्या कुणाचं हाड दादाच्या अंगात नको.’ मी सर्वात जास्त बिथरलो तो इथे. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक 1988 पासून आहे, गॅमा किरणांनी हाड निर्जंतुक करते. मांडवावर वेल चढावा तसं आपलं हाड त्या हाडावर चढत जातं. यात विटाळ कसला?

तीन वर्षांपूर्वी इथे माझा खुबा बदलला. ऑपरेशनआधी नर्स एक फॉर्म घेऊन आली. मांडीच्या हाडाचा जुना गोळा काढणारच आहोत, दान कराल का? जन्म कुठला, मलेरिया झाला होता का, कुठे कुठे राहिलात, असे पानभर प्रश्न. मी सही केली. लिंबाएवढा हाडाचा गोळा. पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगडाची उतरण त्याच्यावर घडलेली. आता तो चुरा होऊन इथल्या कुणाच्या खुब्यात किंवा पाठीत असेल. त्या माणसानं विचारलं नसेल, हे हाड कुणाचं.

हे मी ग्रुपवर लिहिलं. इथे खुब्याची कंपनी कुठली हे मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही, असंही लिहिलं. नुसत्या कंबरदुखीला फ्यूजन देऊ नका, असं नाइसनं, म्हणजे उपचार कुठले द्यावेत हे ठरवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेनं, 2016 मध्येच सांगून ठेवलंय, हेही जोडलं. दादाची कंबरदुखी नुसती नाही, त्याची नस दाबली गेलीय, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं.

वहिनींचं उत्तर एका ओळीचं. ‘भाऊजी, तुमचा खुबा ऑपरेशनच्या तारखेसाठी किती महिने थांबला होता?’

चौदा. दादाला चार दिवसांत तारीख मिळाली. आणि चुलत बहिणीचा संतापही खोटा नाही. 2017 मध्ये फेब्रुवारीत स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारनं मर्यादा घातली, तशी मणक्याच्या स्क्रूंना लागली नाही. तिथे राहून बिल भरणारे ओरडणारच. माझं हे बोलणं पौंडात पगार घेणाऱ्याचं आहे.

पण एक गोष्ट त्या ग्रुपवर कुणीच काढली नाही, मीही नाही. दादाची सिगरेट. निकोटिननं हाडाचा रक्तपुरवठा घटतो. ओढणाऱ्यांचं फ्यूजन न जुळण्याचा धोका बराच जास्त असतो. दोन कोटेशनांतल्या फरकापेक्षा हा फरक मोठा. पहिली सिगरेट आम्ही दोघांनी फर्ग्युसनच्या टेकडीवर अर्धी अर्धी ओढली होती. माझी इथे आल्यावर सुटली, त्याची राहिली.

धाकट्यानं थोरल्याला सांगायला समोर बसावं लागतं. ऑपरेशननंतर वाकू नको, वजन उचलू नको म्हणायला, कुशीवर वळवून उठवायला वहिनी असतील. मी सव्वीस वर्षं ‘पुढच्या डिसेंबरात येतो’ म्हणतोय. आईच्या वेळीही तेच म्हणालो होतो.

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. बोलता बोलता दादा कठड्याला धरून गॅलरीत गेला, फोन आत टेबलावर ठेवून. पडद्यावर नुसता पंखा फिरत होता. काडी ओढल्याचा आवाज मला स्पष्ट आला. तो परत आला तेव्हा मी पुण्यातल्या पावसाचं विचारलं.