जरा डोळा लागला की टिंग!

अमेरिकेतलं नेवार्क ते मुंबई, १४-१५ तास विमानात, मांडीवर पाच महिन्यांची लेक. बॅसिनेटची, म्हणजे समोर बाळाचा छोटा पाळणा लावता येतो ती सीट दोन महिने आधी फोन करून घेतलेली, तरी काउंटरवर "सिस्टीममध्ये रिक्वेस्ट दिसत नाहीये", थोरल्याच्या वेळी पण अगदी हेच!! भांडून मिळवली एकदाची. मग तासभर थोपटून, घसा बसेपर्यंत अंगाई म्हणून पोरगी झोपली, घट्ट धरलेली मूठ हळूच सैल झाली आणि टिंग... सीटबेल्टचा दिवा. दिवा लागला की बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यायचं, उचला परत. नियम तिच्या सेफ्टीसाठीच आहे, मान्य, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती रडली की मागचे काका जे च्यक च्यक करतात ना, त्याने डोकंच फिरतं. अहो, विमान उतरताना हवेचा दाब बदलतो, कान ठणकतात तिचे, आपल्यासारखा मुद्दाम आवंढा गिळता येत नाही तिला, म्हणून मी ओढणीखाली पाजत बसलेय आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी विचारणार, "एवढ्याशा बाळाला कशाला आणायचं?" कशाला म्हणजे? तिच्या आजोबांचं डायलिसिस चालू आहे, ते येऊ शकत नाहीत. अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही त्यांनी हिला.