पाल टाकायचं कुठे?

विमुक्त-भटक्यांच्या निवाऱ्याचा विषय महाराष्ट्रात निघाला की चर्चा दोन गोष्टींपाशी अडते: जातीचा दाखला आणि घरकुल. इंग्लंडमध्ये जिप्सी आणि ट्रॅव्हलर या भटक्या समाजांबाबत निवाऱ्याचा वाद अनेक दशकं चालू आहे, पण तो मुख्यतः जागेचा आहे. आपल्याकडेही सुरुवात जागेपासूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 68 हजार लोकांनी जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी नोंद केली. त्यातले बहुतेक आता पक्क्या घरांत राहतात. म्हणजे कॅरव्हॅनसाठी, गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरासाठी, लागणारी जागा तशी थोडीच, तरी ती मिळत नाही. 1968 च्या कायद्याने जागा देणं कौन्सिलांवर, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांवर, बंधनकारक केलं होतं आणि त्यातून तीनशेहून जास्त वसाहती उभ्या राहिल्या. 1994 मध्ये ते बंधन काढलं. जमीन तुम्हीच घ्या, परवानगी मागा, असं धोरण आलं. परवानगी मागितली की शेजाऱ्यांच्या हरकतींचा ढीग. एसेक्समधल्या डेल फार्मवर जमीन ट्रॅव्हलर कुटुंबांच्या मालकीची होती, पण परवानगी नसलेला भाग 2011 मध्ये पोलीस बंदोबस्तात रिकामा केला गेला. वेल्सने 2014 च्या कायद्याने जागा देण्याचं बंधन परत आणलं, इंग्लंडने नाही.

चांगल्या वसाहतीत प्रत्येक कुटुंबाच्या जागेला, म्हणजे पिचला, काय लागतं? राहायचा एक मोठा ट्रेलर आणि एक फिरती कॅरव्हॅन उभी राहील एवढी पक्की फरशी, दोन गाड्यांची जागा, कपडे वाळवायला मोकळी जागा आणि एक छोटी बांधीव खोली. तिच्यात गरम-गार पाणी, स्वयंपाकाची जागा, न्हाणी आणि संडास. खोली वेगळी, कारण झोपायच्या जागेत संडास असणं अनेक कुटुंबांना चालत नाही. दोन कॅरव्हॅनमध्ये 6 मीटर अंतर हवं, कारण कॅरव्हॅन पेटली तर काही मिनिटांत खाक होते. बिघडतं ते इथेच. मुलाचं लग्न होतं, नवं पिच मिळत नाही, दुसरा ट्रेलर त्याच मोकळ्या पट्ट्यात उभा राहतो आणि ते अंतर संपतं. विजेचंही तेच: अनेक वसाहतींत जोडणी एकच, कुटुंबांनी ऑफिसातून प्रीपेड कार्ड घ्यायचं. शनिवारी रात्री कार्ड संपलं तर सोमवारपर्यंत अंधार. आणि मुळात जागाच मिळते ती मोटरवेला किंवा सांडपाण्याच्या प्रकल्पाला खेटून.

आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत कुटुंबाला 5 गुंठे जमीन आणि 269 चौरस फुटांचं घर आहे. 5 गुंठे म्हणजे 500 चौरस मीटरच्या वर. वर सांगितलेलं सगळं त्यात आरामात बसेल. जमिनीचं हे माप मला फार मोलाचं वाटतं. अडचण अटींची आहे. लाभार्थी गावोगाव भटकून पोट भरणारा हवा, आणि वर्षातले किमान 6 महिने एका ठिकाणी राहणाराही हवा. भटक्याने हे दोन्ही सिद्ध करायचं कसं? इंग्लंडने 2015 मध्ये उलट्या बाजूने हीच चूक केली. म्हातारपण, आजारपण किंवा मुलांच्या शाळेमुळे ज्यांनी फिरणं कायमचं सोडलं, त्यांना जागांच्या नियोजनासाठीच्या जिप्सी-ट्रॅव्हलर या व्याख्येतूनच वगळलं. 2022 मध्ये अपील कोर्टाने हा भेदभाव ठरवला आणि 2023 च्या डिसेंबरात व्याख्या बदलावी लागली.

दुसरी अडचण वसाहतीसाठी मागितल्या जाणाऱ्या गायरानाची. ग्रामसभेने विरोध केला की फाईल तिथेच पडून राहते. म्हणून योजना पुरेशी नाही. तालुक्यात किती पिचं लागतील ते मोजून जागा राखून ठेवण्याचं कायदेशीर बंधन हवं.

आणि जे फिरतच राहणार, त्यांचं काय? लीड्समध्ये कौन्सिल आणि ट्रॅव्हलर बसून ठरवतात: मुक्काम कुठे, किती दिवस. कौन्सिल फिरती शौचालयं आणि कचऱ्याचे डबे देते. कुटुंबं ठरल्या तारखेला निघतात. कोकणात उतरणाऱ्या मेंढपाळांसाठी, भिक्षेकरी जमातींसाठी तहसीलदार आणि ग्रामपंचायतींना हे एका बैठकीत ठरवता येईल: जागा, मुदत, पाण्याचा टँकर, कचरा उचलायचा वार. मुक्कामाची नोंद पोलीस पाटलाकडे ठेवायची, पण चौकशीसाठी नव्हे. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ही माणसं कोण, कुठे उतरलीत, हे छातीठोकपणे सांगणारं कोणीतरी अशा वेळी गावात असलं पाहिजे.